पिसदुऱ्याची गवरी

डायनासोर हा शाळेतला असा एकच विषय आहे, जो शिकवायला उभं राहताना शिक्षकाला मुलांपेक्षा कमी येत असतं, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. गणितात असं होत नाही. भूगोलात तर नाहीच नाही. पाचवीच्या परिसर अभ्यासात सजीवांच्या उत्क्रांतीचा भाग येतो, तेव्हा फळ्यावर 'डायनासोर' एवढं लिहून वळावं, तोवर वर्ग हातचा गेलेला असतो. ज्याला 'पर्यावरण' हा शब्द वर्षभर शुद्ध लिहिता आलेला नाही, तो 'पॅकिसेफॅलोसॉरस' एका दमात म्हणतो. वर शेजारचा त्याचा उच्चार दुरुस्त करतो. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, टी-रेक्स न् स्पायनोची लढाई झाली तर कोण जिंकन?"

या प्रश्नाचं खरं उत्तर फार नीरस आहे. स्पायनोसॉरस आफ्रिकेत राहायचा, टी-रेक्स उत्तर अमेरिकेत, आणि दोघांच्या मध्ये अडीच कोटींहून जास्त वर्षं आहेत. लढाई ठरवायची तर एकाला तेवढा वेळ मैदानात थांबावं लागेल. हे सांगितल्यावर वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग एकाने तोडगा काढला, "मॅडम, मोबाईलवर होते न पण."

मोबाईलवर सगळंच होतं, हेच तर दुखणं आहे. मुलांना डायनासोर माहीत आहे तो चावणारा, डरकाळणारा आणि इंग्रजीतून पळणारा. तो कुठून आला, तो होता हे कुणाला आणि कशावरून कळलं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात येत नाही. वाघ असतो तसा डायनासोर असतो. वाघ ताडोब्यात दिसतो, हा यूट्यूबवर दिसतो, एवढाच फरक. गांधीसागरासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात सहल नेली की तिथल्या डायनासोरच्या पुतळ्यांपुढे उभं राहून ती फोटो काढतात आणि "हा हलत कायले नाही?" म्हणून नाराज होतात.

मला खरं तर त्यांच्याकडून एकच प्रश्न हवा असतो. कशावरून?

आता प्रशिक्षणात आम्हाला सांगतात की मुलांना कृतीतून शिकवा. सांगतात ते दोन दिवस बसवून, पीपीटी दाखवून. काही वर्षांपूर्वी ज्ञानरचनावादाची लाट आली होती, तेव्हा राज्यातल्या किती तरी शाळांच्या फरशीवर रंगीत गोल, चौकोन आणि बाराखड्या उमटल्या. त्या गोलांतून मुलं लंगडी घालायची आणि साहेब आले की त्याच गोलांत बसून ज्ञान रचायची. मी त्या फरशीला नावं ठेवणार नाही, कारण डायनासोरचं प्रकरण पुढे तिच्यावरच घडलं. पण कृती म्हणजे काय, हे मला फरशीने शिकवलं नाही. ते शिकवलं नागपूरच्याच एका जुन्या मास्तराने.

त्यांचं नाव स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडहून धर्मप्रसारक म्हणून १८४५ मध्ये नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. आजचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच स्मरणार्थ १८८३ मध्ये निघालं. धर्म किती पसरला ते बाजूला ठेवू. शाळा सुटल्यावर हा माणूस आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत माळावर दगड उलटेपालटे करत हिंडायचा, हे आपल्या कामाचं. शहराच्या वायव्येला टाकळीच्या बाजूला त्यांना दगडात बसलेल्या शिंपल्या मिळाल्या, बिया, फळं, हाडांचे तुकडे मिळाले. नागपूरच्या आसपासच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर दोघांनी मिळून लिहिलेला लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. टाकळीच्या एका हिरवट खनिजाला 'हिस्लोपाईट' म्हणतात. गोड्या पाण्यातल्या एका बारीकशा जिवालाही त्यांचंच नाव आहे. पुढे टाकळीच्याच एका दाताचं वर्णन रिचर्ड लायडेकर यांनी १८९० मध्ये केलं. तो त्यांनी भलत्याच घराण्यात घातला होता, पण दात मांस खाणाऱ्या डायनासोरचा होता. म्हणजे आज जिथे लोक 'टू बीएचके, गेटेड, चोवीस तास पाणी' अशा पाट्या वाचत हिंडतात, तिथे कुणीतरी दात विचकून गेलेलं आहे.

हिस्लॉप यांचा शेवट मात्र वाईट झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बुटीबोरीकडच्या टाकळघाटची दगडी वर्तुळं बघून घोड्यावरून परतताना भरलेल्या ओढ्यात ते वाहून गेले. आपल्याकडचा पावसाळा दगड गोळा करणाऱ्यालाही सोडत नाही. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं. तोच आपला अजब बंगला. मुलांना हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "मॅडम, घोडा वाचला का?" दुसरा प्रश्न मात्र मला हवा तसा होता. "त्याहिले कसं समजलं का हा दगड नाही, हाड होय म्हणून?"

घ्या. आली गाडी रुळावर.

त्या आठवड्यात आम्ही सगळ्यात आधी खोदलं. शाळेच्या मावशींकडून चार घमेली उसनी घेतली. त्यांत रेती भरून रविवारच्या सावजी कोंबडीची धुऊन वाळवलेली हाडं पुरली. (शाकाहारी घरच्या मुलांसाठी एका घमेल्यात आंब्याच्या कोयी आणि चिंचोके होते. त्या घमेल्याला गिऱ्हाईक लागलं नाही.) रंगाचे ब्रश दिले, जुने टूथब्रश दिले, हळूहळू खोदायचं असं तीनदा बजावलं. दोन मिनिटांत बाकीच्या घमेल्यांत जेसीबी फिरल्याची अवकळा आली. सगळी हाडं बाहेर, सगळी रेती वर्गभर आणि विजयी मुद्रेने दोन्ही हातांत तंगड्या धरलेली मुलं. "मॅडम, आम्हाला सगळ्यात जास्त भेटले!"

मी विचारलं, छान, आता सांगा, हे हाड कुठे होतं? वर होतं की तळाशी? मानेजवळ होतं की एकटंच? कुणालाच सांगता येईना. ज्या मुलीने शेवटपर्यंत एकच हाड ब्रशने साफ करत धीर धरला होता, तिने मात्र जागेवर बोट ठेवून सांगितलं. मग घमेल्यांवर सुतळीचे चौकोन आखले, कागदावर तसेच चौकोन काढले आणि पुन्हा हाडं पुरली. या वेळी हाड दिसलं की आधी कागदावर फुली, मग हाताला हाड. हाडापेक्षा हाडाचा पत्ता मोलाचा, हे त्यांच्या गळी उतरायला अख्खा तास गेला. पण उतरलं. नंतर तर हाड नसलेल्या चौकोनातही 'काही नाही' असं लिहिलेलं सापडलं. आमच्या हजेरीपटापेक्षा ती नोंद चोख होती.

मग काळ मोजायचा होता. ६ कोटी ६० लाख वर्षं हा आकडा फळ्यावर लिहिला की मुलं फक्त शून्यं मोजतात. इतवारीतून सुतळीचं बंडल आणलं. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, असं ठरलं. डायनासोर संपले तो क्षण गाठायला सहासष्ट मीटर सुतळी लागली. वर्गाच्या दारापासून निघून व्हरांडा, हातपंप, झेंड्याचा चौथरा असं करत ती फाटकाशी पोचली. आता याच मापाने माणूस कुठे? आपल्या जातीचा माणूस साधारण ३ लाख वर्षांचा, म्हणजे तीस सेंटीमीटर. मुलांनी कंपासपेटीतली पट्टी जोडून लावली. आणि नागपूर? गोंड राजा बख्त बुलंदने १७०२ मध्ये शहर वसवलं म्हणतात, त्याला सव्वातीनशे वर्षंही झाली नाहीत. हिशेब केला तर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. पेन्सिलीला कितीही टोक केलं तरी रेघ त्याहून जाड यायला लागली. शेवटी एकाने सुतळीचा निघालेला एक तंतू दाखवून, "हे पकडा, नागपूर," असं जाहीर केलं. सगळ्यांनी ते नागपूर डोळे बारीक करून पाहिलं. तेवढ्यात वारा आला.

"मॅडम, अन् आणखी जुना आपला डायनासोर कुठे येईन?" आता याला उत्तर देणं भाग होतं. विदर्भाच्या टोकाशी, सिरोंच्याच्या बाजूला प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात बारापासॉरस नावाचा अजस्र शाकाहारी प्राणी मिळाला, तो साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचा. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी त्याची हाडं उकरली. टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमाराचं हे काम, म्हणून त्याला टागोरांचं नाव दिलं, बारापासॉरस टागोराय. आमच्या सुतळीच्या मापाने तो एकशे ऐंशी मीटरवर. म्हणजे फाटक ओलांडून, रस्त्यापलीकडे, पानठेल्याच्या मागे. मुलं पानठेल्याकडे आदराने पाहू लागली. पानठेलेवाल्याला काय झालं ते कळेना, त्याने घाईघाईने खर्ऱ्याच्या पुड्या खाली सरकवल्या.

याच बारापासॉरसच्या मांडीच्या हाडाची लांबी १.७ मीटर आहे. ते हाड खडूने त्या रंगीत फरशीवर काढलं आणि एकेका मुलाला त्याच्या शेजारी झोपवलं. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा झोपला तरी हाड वर उरलं. मग मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, बरं. मी झोपले. हाड तरीही उरलं. नेमक्या त्या क्षणी मुख्याध्यापक दारातून डोकावले आणि काही न विचारता पुढे गेले. अनुभवी माणूस.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं होतं की मुलांचं समाधान झालं असेल. पण या विषयातली खरी मजा हाडांत नाहीच. ती दुसरीकडे आहे आणि तिची सुरुवात थोडी संकोचाने करावी लागते.

नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं की वरोरा येतं. वरोरा म्हटलं की सगळ्यांना आनंदवन आठवतं, ते बरोबरच आहे. त्याच तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांतून डायनासोरची हाडं निघतात हे हिस्लॉप यांनाही ठाऊक होतं. जवळच डोंगरगावची टेकडी आहे. तिथे मिळालेल्या सांगाड्याचं वर्णन जैन आणि बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये केलं. मान त्या मानाने आखूड, पुढचे पाय लांब, असा तो वजनदार गडी. २००३ मध्ये त्याला 'आयसीसॉरस' हे नवं नाव मिळालं. त्यातलं 'आयसी' म्हणजे पुन्हा तीच कोलकात्याची इन्स्टिट्यूट, आयएसआय. वरोऱ्याच्या डायनासोरला कोलकात्याचं नाव लागलं याचा माझ्या वर्गाला भारी राग आला. "वरोरासॉरस कायले नाही ठेवलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विदर्भाच्या अनुशेषात हीसुद्धा एक नोंद करावी, एवढंच मी म्हणू शकले.

पण पिसदुऱ्याचं नाव जगभर झालं ते हाडांमुळे नाही. झालं ते शेणामुळे. होय, शेणच. दगड झालेलं. इंग्रजीत त्याला कॉप्रोलाइट असं भारदस्त नाव आहे. चार्ल्स मॅटली या शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये पिसदुऱ्याच्या या दगडी शेणावर स्वतंत्र लेख लिहिला, आकारावरून त्याच्या जाती पाडल्या. त्यानंतर ते शेण आणखी साठेक वर्षं शांतपणे पडून राहिलं.

वर्गात मी 'शेण' म्हटलं आणि जो आनंद उसळला, तो टी-रेक्सच्या वाट्यालाही कधी आला नव्हता.

मग मी गवऱ्या मागवल्या. एक मुलगा भद्रावतीजवळ मामाच्या गावी जाऊन आला होता, त्याने तिथली गवरी पेपरात गुंडाळून आणली. दुसरी गवरी शहरातली, मावशींनी कुठूनशी पैदा केलेली. दोन्ही फोडल्या, वर्तमानपत्रावर पसरल्या, टाचणी आणि भिंग हातात दिलं. आता सांगा, ही गाय काय खात होती?

एरवी जी मुलं पाच मिनिटं एका जागी बसत नाहीत, ती माना मोडून तासभर बसली. गावच्या गवरीत तणसाचे पिवळे तुकडे निघाले, ज्वारीच्या धांड्याचं साल निघालं, सरकीचं एक टरफल, एका भुंग्याचा चकाकता पंख. शहरच्या गवरीत काय नव्हतं? हाराच्या फुलांचा दोरा. संत्र्याच्या दोन बिया. निळ्या पन्नीचा पातळ पापुद्रा. पोळीचा कोंडा असावा अशी भुकटी. आणि चमकीची एक टिकली, बहुधा कुठल्या तरी लग्नातल्या जेवणावळीतली. आमच्या गटप्रमुखाने सगळा पुरावा ओळीने मांडला, थोडा विचार केला आणि निकाल दिला, "मॅडम, ही गाय बर्डीवर राहते." (बर्डी म्हणजे सीताबर्डी, आमचा भर बाजार.)

मी आयुष्यात पुष्कळ पाठ घेतले, पण एवढं सरळ अनुमान माझ्या वर्गात त्याआधी कुणी काढल्याचं आठवत नाही. गाय समोर नाही. ती कधी पाहिलेली नाही. तरी ती कुठे चरते, काय खाते, कुणाच्या दारात उभी राहते हे त्या पोराने एका गवरीवरून सांगितलं. पिसदुऱ्याच्या शेणाचं नेमकं हेच झालं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, त्यांच्यासोबत कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी वगैरे मंडळींनी ते दगडी शेण विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये जाहीर केलं की यात गवत आहे. एक-दोन नाही, गवताचे निदान पाच प्रकार.

यात एवढं काय, असं गवताळ प्रदेशातल्या आपल्या लोकांना वाटेल. पण तोवर समज असा होता की डायनासोर जिवंत होते तेव्हा गवताचा पत्ताच नव्हता, निदान त्याचा ठोस पुरावा नव्हता. चित्रकार डायनासोरच्या पायाखाली नेचे काढायचे, गवताची काडीही काढायचे नाहीत. वरोऱ्याच्या एका शेणाने जगाचं चित्र बदलायला लावलं. २०११ मध्ये तर त्याच शेणातून भाताच्या कुळातल्या गवताचा माग निघाला. हे कळल्यावर भंडाऱ्याच्या एका मुलीची मान ताठ झाली. आमच्याकडचं धान डायनासोरनं खाल्लं, असं ती त्या दिवसापासून सांगत हिंडते आहे. धान नाही, धानाचे फार दूरचे नातेवाईक, अशी दुरुस्ती मी केली. तिने ती मनावर घेतली नाही.

"पण मॅडम, गवत तर सडून जाते. सहा कोटी वर्षं कसं टिकलं?" हा प्रश्नही हाताने सोडवण्यासारखा होता. मैदानाच्या कडेला उंच गवत माजलं होतं. म्हटलं, पातीच्या कडेवरून बोट उलटं फिरवून बघा, जपून. दोघा-तिघांनी "आई गं" केलं. गवताची पाती कापते ती तिच्यातल्या सिलिकामुळे. जमिनीतलं पाणी ओढताना गवत सिलिकाही ओढतं आणि आपल्या पेशींत त्याचे सूक्ष्म खडे बसवतं. बाकी पाती कुजते, हे खडे राहतात. वेगवेगळ्या गवतांचा खडा वेगळ्या घडणीचा, कुणाचा डमरूसारखा, कुणाचा आणखी कसा. शेण दगड झालं तरी आतले खडे तसेच राहिले आणि त्यांनी साक्ष दिली. बोट चोखत एकाने विचारलं, "म्हणजे डायनासोरचीबी जीभ कापली असन का?" त्याचं बोट खरंच थोडं कापलं होतं, त्यामुळे प्रश्नात आपुलकी होती.

पालक सभेत मात्र या शेणाचा वास पोचला. एका वडिलांनी विचारलं, शाळेत पोरांना शेण चिवडायला लावता, ते कशासाठी? पलीकडच्या कॉन्व्हेंटमध्ये डोळ्यांना चष्मा लावून डायनासोर दाखवतात, अगदी अंगावर येतो. (नागपुरात इंग्रजी शाळा कुणाचीही असो, कॉन्व्हेंटच असते.) मी काही बोलायच्या आत त्यांच्याच मुलीने उत्तर दिलं, "पप्पा, तो खोटा असते." वडील खाली बसले. अंगावर आला तरी खोटा, आणि पायाशी पडून होतं ते खरं, हे मला त्या सभेत इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

बघण्याचीच गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगते. नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांनी गुजरातेतल्या ढोली डुंगरी इथे डायनासोरची अंडी आणि शेजारी पिल्लाची हाडं शोधली आणि १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली. अमेरिकेतले जेफ विल्सन यांनी २००१ मध्ये तोच दगड पाहिला आणि त्यांना जाणवलं की यातले काही मणके पिल्लाचे नाहीतच, सापाचे आहेत. साडेतीन मीटर लांबीचा साप, अंड्यांना वेढा घालून पिल्लू गट्ट करायच्या बेतात, आणि वरून चिखल कोसळला. २०१० मध्ये मोहबे, विल्सन आणि सहकाऱ्यांनी मिळून त्याचं नाव 'सानाजे इंडिकस' असं जाहीर केलं. साप इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. आम्ही याचं नाटक बसवलं. पिल्लू व्हायला कुणी तयार नव्हतं, अंडी व्हायला आळशी तेवढी सगळी तयार होती आणि साप व्हायला अख्खा वर्ग. शेवटी साप बारा मुलांचा झाला. चिखल कोसळण्याचं काम मी केलं.

डायनासोर मेले कशाने, हा प्रश्न शेवटी येतोच. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर प्रचंड अशनी आदळला आणि त्याच सुमारास आपल्याकडे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता, थरावर थर. तोच थंड होऊन आपला काळा खडक झाला. सीताबर्डीचा किल्ला त्याच्यावर, गिट्टीखदानात फोडली ती गिट्टी त्याचीच, आणि सध्या शहरभर जे सिमेंट रस्ते खणले जाताहेत, त्यांच्या कडेला ढीग पडलेत तेही त्याचेच. एवढं सांगून मी विचारलं, तर मग कशाने मेले असतील? वर्गाने नागपूरकरांच्या अधिकाराने एकमुखी उत्तर दिलं, "उन्हानं!" एकाने महिनाही सांगितला. मे.

पोळा जवळ आला तसा वर्गाचा डायनासोर उतरणीला लागला. चितार ओळीतून आणलेली माती उरली होती, तिचे बैल करायचे ठरले. तान्हा पोळ्याला पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, गोळा करतात. भोसल्यांच्या काळापासून नागपूरकर हा सण करत आले आहेत. मातीचे बैल झाले, शिंगांना बेगड लागली. गवरी आणणाऱ्या मुलाने मात्र मान थोडी ओढून घेतली, शेपूट लांबवली, शिंगं गाळली आणि वर बैलाचीच झूल, गळ्यात घुंगरू, कपाळाला गुलाल लावला. त्या संध्याकाळी तो हे ध्यान घेऊन आमच्याच गल्लीत आला. त्याच्याबरोबर सातआठ लाकडी बैल रांगेत होते.

शेजारच्या काकूंनी ताटात दहा-दहाच्या नोटा ठेवल्या होत्या. एकेका बैलाला ओवाळून त्या नोट देत होत्या. याच्यापाशी आल्या आणि थबकल्या.

"हे काय होय रे?"

"बैलच होय काकू," तो म्हणाला, "जरा जुना आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी त्याला ओवाळलं, दहाची नोट दिली. तो हलला नाही.

"आता काय?"

"काकू, हा दहा बैलांएवढा होय. त्या हिशेबानं द्या न."